मुक्ता नावाचा अर्थ काय? मोती की मुक्त झालेली?

नवी_आई
नमस्कार मंडळी, पुढच्या रविवारी लेकीचं बारसं आहे आणि नावावरून घरात अजून एकमत होत नाहीये. माझ्या आजेसासूबाईंचं नाव मुक्ताबाई, म्हणून सासूबाईंच्या मनात मुक्ता आहे आणि मलाही ते फार आवडलंय. पण आमच्या वन्सं म्हणतात की हे वैराग्याचं नाव, मुक्ता म्हणजे संसारातून सुटलेली, आणि संत मुक्ताबाई किती लहान वयात गेल्या, मग पोरीला कशाला हे नाव. नवरा म्हणतो मुक्ता म्हणजे मोती, विषय संपला. आता बाळाच्या कानात नाव सांगणार त्या वन्संच, म्हणजे त्यांचं मन मोडून काही करायचं नाहीये, त्यांना नीट समजावता आलं पाहिजे. कुणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

शब्दवेडा
दोन्ही अर्थ बरोबर आहेत आणि दोन्ही एकाच धातूतून आलेत. मुच् म्हणजे सोडणे, सुटणे, त्यावरून मुक्त, स्त्रीलिंगी मुक्ता. आणि मोती शिंपल्यातून सुटून बाहेर येतो म्हणून संस्कृतात मोत्यालाही मुक्ता म्हणतात. मुक्ताफळ, मुक्तावली हे शब्द त्यातलेच. पुढे मुक्तापासून मौक्तिक झालं आणि ते प्राकृतातून घासत घासत आपला मोती झाला, म्हणजे मुक्ता आणि मोती हे एकाच घरातले शब्द. तुमच्या मिस्टरांना आणि वन्संना दोघांनाही सांगा की तुम्ही बरोबर आहात, भांडण मिटलं!

तापीकाठचा
मी मुक्ताईनगरकडचा, आमच्याकडे या नावाला कोणी दुःखाचं नाव म्हणत नाही हो. गावाचं आधीचं नाव एदलाबाद, आता मुक्ताईच्या नावावरच आहे. इथून मुक्ताईची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते, महिन्याहून जास्त चालावं लागतं, ऐन उन्हाळ्यात निघतात माणसं आणि वाटेत गावोगावी बाया ओवाळायला उभ्या असतात. आमच्याकडे घरोघरी एखादी तरी मुक्ता सापडेल.
आणि लहान वयाचं म्हणाल तर ज्ञानेश्वर माऊलींनी एकविसाव्या वर्षी समाधी घेतली, म्हणून कोणी मुलाचं नाव ज्ञानेश्वर ठेवायचं थांबलंय का? महाराष्ट्रात गल्लोगल्ली ज्ञानेश्वर आहेत. मुलींच्याच नावाला ही शंका का लावायची? भावंडांची नावं ओळीने म्हणून बघा, निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. आमच्याकडे कीर्तनात सांगतात की आधी निवृत्ती, मग ज्ञान, मग सोपान म्हणजे जिना, आणि वर पोचल्यावर मुक्ती. धाकटी असून तिचं नाव शेवटच्या पायरीचं आहे.

वाचनकट्टा
वरच्या प्रतिसादाला भरभरून अनुमोदन. वैराग्याचं म्हणणाऱ्यांनी ताटीचे अभंग एकदा वाचावेत असं मला मनापासून वाटतं. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानेश्वर झोपडीचं दार लावून आत बसलेत, आणि बाहेर उभी राहून ही धाकटी बहीण त्यांना समजावते, "विश्व रागें झाले वन्ही, संतें सुखें व्हावें पाणी", आणि प्रत्येक वेळी तेच, "ताटी उघडा ज्ञानेश्वरा". यात संसार सोडून जा असं कुठे आहे, उलट रुसलेल्या भावाला ती परत माणसांत बोलावतेय. चांगदेवांसारखा वयाने कितीतरी मोठा योगी हिला गुरू मानतो. मुलीला द्यायला यापेक्षा ताकदीचं नाव कुठलं.
अजून एक मुक्ता सांगते, मुक्ता साळवे. जोतिबा-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकलेली मातंग समाजातली मुलगी. 1855 मध्ये ज्ञानोदय या नियतकालिकात तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला, तेव्हा ती चौदाएक वर्षांची होती. ज्या काळात मुलींना शिकवतात म्हणून सावित्रीबाईंवर शेणमारा व्हायचा त्या काळात ही पोर थेट धर्माला जाब विचारते. माझ्या वर्गातल्या मुलींना मी तो निबंध दरवर्षी वाचून दाखवते आणि वर्ग अगदी शांत होतो.

नवी_आई
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना! काल रात्री जेवणं झाल्यावर हा सगळा धागा वन्संना मोबाईलवर वाचून दाखवला, त्या ज्ञानेश्वरांच्या नावाच्या मुद्द्याला थांबल्या, म्हणाल्या हे मात्र खरं आहे. मग ताटीचे अभंग शोधून त्यांनी स्वतःच वाचले. आता त्यांचं म्हणणं मुक्ता नको, सरळ मुक्ताईच ठेवा! 😄 दाखल्यावर काय लिहावं?

तापीकाठचा
दाखल्यावर मुक्ता ठेवा, शाळेत, पासपोर्टवर सोपं पडतं. मुक्ताई घरात हाक मारायला. आणि बारशाला वन्संना दोन्ही नावं कानात सांगू द्या की.