मदत हवी आहे: अमेरिकेत पुन्हा शटडाउन झाल्यास सार्वजनिक जमिनीवर पूर्णवेळ ट्रेलरमध्ये राहणाऱ्यांनी पाणी, मैला आणि मुक्काम यांची व्यवस्था कशी लावावी?

नमस्कार,

मी आणि माझे यजमान गेली तीन वर्षे अमेरिकेत ट्रेलरमध्येच, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरात, राहत आहोत. निवृत्त झाल्यावर इलिनॉयमधील घर विकून आम्ही हा मार्ग पत्करला. उन्हाळा डोंगरांतल्या राष्ट्रीय जंगलांत आणि हिवाळा अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, असा आमचा वर्षाचा क्रम असतो. सुट्टीपुरते कॅम्पिंग करणारा माणूस शटडाउन झाले, म्हणजे येथील संसदेने खर्चाला मंजुरी न दिल्याने संघीय सरकारची कामे थांबली, की घरी परततो. आमचे घरच त्या जमिनीवर उभे असल्यामुळे आम्हाला परतायला जागा नाही. म्हणून ही विचारणा थोडी सविस्तर करीत आहे.

भारतातील वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. येथील संघीय सरकारच्या जमिनीपैकी एकट्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे, म्हणजे बीएलएमकडे, सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या तिपटीहून अधिक भरते. राष्ट्रीय जंगले सांभाळणाऱ्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे आणखी सुमारे १९.३ कोटी एकर आहे. यातील बऱ्याच भागात आखीव कॅम्पग्राउंडच्या बाहेर, मोकळ्या रानात, भाडे न देता राहता येते. मात्र बीएलएमच्या जमिनीवर साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवस एवढीच मुभा असते, आणि मुदत संपली की बिऱ्हाड उचलून दुसरीकडे, बहुधा २५ मैल तरी दूर, जावे लागते. रानात नळ नाही, वीज नाही, गटार नाही. वीज आम्ही सौर पट्ट्यांवर मिळवतो, पण पाणी भरण्यासाठी आणि मैल्याची टाकी रिकामी करण्यासाठी कुठल्या तरी कॅम्पग्राउंडच्या किंवा गावाच्या आश्रयाला जावेच लागते.

१ ऑक्टोबर २०२५ रोजी शटडाउन सुरू झाले तेव्हा आम्ही एका राष्ट्रीय जंगलात होतो. आमच्या मुक्कामाला कोणाची हरकत नव्हती, रस्ते खुले होते, आणि पहिले चार दिवस काही बदलले आहे असे वाटलेही नाही. पाचव्या दिवशी पाणी भरायला जवळच्या कॅम्पग्राउंडवर गेलो तर नळ बंद होता आणि डम्प स्टेशनला, म्हणजे मैल्याच्या टाक्या रिकाम्या करण्याच्या जागेला, साखळी लावलेली होती. रेंजर कार्यालयाच्या दाराला कागद चिकटवलेला होता आणि दूरध्वनीवर ध्वनिमुद्रित संदेश ऐकू येत होता. शेकोटीवर त्या आठवड्यात बंदी आहे की नाही, पुढचा कच्चा रस्ता शिकारीच्या हंगामासाठी बंद होणार आहे का, एवढे साधे प्रश्न विचारायलाही कोणी नव्हते. शेवटी जाऊन-येऊन सव्वाशे मैल गाडी हाकून एका खाजगी पेट्रोल पंपावर टाक्या रिकाम्या केल्या.

आमची पिण्याच्या पाण्याची टाकी ५० गॅलनची आहे आणि ती काटकसरीने दहा दिवस पुरते. आपल्या स्वयंपाकात भांडी फार निघतात आणि तेल-हळदीचे खरकटे सांडपाण्याच्या टाकीत साचून वास येतो, म्हणून मी ताटे आधी कागदाने पुसून मगच धुते, डाळ-तांदूळ धुतलेले पाणी हात धुवायला ठेवते, आणि कुकर एका वेळीच लावून दोन्ही जेवणे उरकते. तरीही अकराव्या दिवशी पाणी लागतेच. यजमानांना मधुमेह आहे, त्यांचे इन्सुलिन फ्रिजमध्ये असते, आणि ढगाळ दिवसांत सौर विजेवर पूर्ण विसंबता येत नाही. त्यामुळे 'थोडे दिवस सोसावे' हा सल्ला आम्हाला उपयोगी पडत नाही, कारण ते शटडाउन १२ नोव्हेंबरपर्यंत, ४३ दिवस चालले.

आता डिसेंबर २०२५ आहे. सध्याची तात्पुरती आर्थिक तरतूद ३० जानेवारी २०२६ पर्यंतच आहे. आम्ही अ‍ॅरिझोनातील क्वार्टझसाइट गावाजवळच्या ला पोसा येथील बीएलएमच्या दीर्घ मुक्कामाच्या क्षेत्राचा १८० डॉलरचा हंगामी परवाना काढला आहे. तो १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळासाठी असतो आणि तेथे पाणी, डम्प स्टेशन व कचरापेट्या असल्यामुळेच वयस्कर मंडळी त्याला पसंती देतात. पुन्हा निधी थांबला तर या सोयींवर किती भिस्त ठेवावी? आमचे शेजारी म्हणतात की शटडाउनमध्ये १४ दिवस कोणी मोजत नाही, तेव्हा अडल्यास मोकळ्या रानात खुशाल बसून राहावे; हे कितपत खरे आहे? आणि तिसरी, माझ्या दृष्टीने सर्वांत नाजूक गोष्ट अशी की फेब्रुवारीपासून आम्ही एका संघीय कॅम्पग्राउंडवर स्वयंसेवक कॅम्प होस्ट म्हणून काम स्वीकारले आहे. स्वच्छतागृहे झाडणे, येणाऱ्यांना माहिती देणे या कामाच्या बदल्यात पाणी-वीज असलेली जागा मिळते. शटडाउनमध्ये त्या जागेचे काय होते? ज्यांनी हे प्रत्यक्ष अनुभवले आहे त्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १

ताई, मी फीनिक्सजवळ राहतो आणि गेली बरीच वर्षे हिवाळ्यात याच पट्ट्यात फिरतो. जमिनीचा मालक कोण, यापेक्षा तिचा पैसा निधीच्या कोणत्या विधेयकातून येतो हे आधी पाहावे. बीएलएम आणि राष्ट्रीय उद्याने 'इंटिरियर' खात्याच्या (येथे हे खाते पोलिसांचे नसून सार्वजनिक जमिनींचे आहे) विधेयकावर चालतात. फॉरेस्ट सर्व्हिस कृषी खात्याखाली येते, पण तिचा निधीही त्याच इंटिरियर विधेयकात असतो. नोव्हेंबरमध्ये कृषी खात्याला पूर्ण वर्षाचा निधी मिळाल्याची बातमी वाचून अनेकांनी राष्ट्रीय जंगले आता सुरक्षित आहेत असा समज करून घेतला. तो चुकीचा आहे. याउलट, धरणांच्या जलाशयांकाठची लष्करी अभियंता दलाची कॅम्पग्राउंड ऊर्जा व जलविकासाच्या विधेयकावर चालतात. ते विधेयक आधीच मंजूर झालेले असल्यामुळे २०१८-१९ च्या ३५ दिवसांच्या शटडाउनची झळ त्यांना लागली नव्हती. २०२५ मध्ये मात्र १ ऑक्टोबरला एकही विधेयक मंजूर नव्हते. म्हणून प्रत्येक वेळी यादी नव्याने तपासावी लागते.

शेजाऱ्यांचे म्हणणे मानू नका. जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी आवश्यक म्हणून कायदा राखणारे रेंजर आणि वणवा विझवणारी पथके कामावरच असतात, तेही पगार लांबणीवर पडलेला असताना. नियम जसेच्या तसे लागू राहतात, १४ दिवसांचाही. बंद होतात त्या सेवा. जी माणसे बिनपगारी आपल्याला सांभाळत आहेत त्यांच्यावर आणखी एक वाद लादू नये, असे मला मनापासून वाटते.

तुमच्या भागात पर्याय बरेच आहेत. राज्याच्या पैशावर चालणारी उद्याने, उदाहरणार्थ कोलोरॅडो नदीकाठचे बकस्किन माउंटन किंवा आतल्या बाजूचे अलामो लेक, संघीय शटडाउनमुळे बंद पडत नाहीत. क्वार्टझसाइट गावात पाणी विकणारी आणि टाक्या रिकाम्या करून देणारी खाजगी ठिकाणे आहेत. राज्याच्या ट्रस्ट जमिनीवरही वार्षिक परवाना काढून राहता येते, मात्र वर्षाला १४ दिवसच. परवान्याची मुदत १५ एप्रिललाच संपेल, शटडाउनचे दिवस पुढे वाढवून मिळतील असे धरून चालू नका.

प्रतिसाद २

आम्ही दोघांनी २०१८-१९ च्या हिवाळ्यात कॅम्प होस्ट म्हणून काम केले आहे, त्यामुळे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते.

निधी नसताना सरकारने स्वयंसेवकांची सेवाही स्वीकारू नये, असे १८८४ पासूनचा कायदा सांगतो. अपवाद फक्त जीवित आणि मालमत्तेला धोका असेल तेवढाच. विनामूल्य मदत नाकारणे वेडेपणाचे वाटते, पण त्यामागे कारण आहे: फुकट काम करून घ्यायचे आणि नंतर काँग्रेसकडे (येथील संसदेकडे) त्याचे पैसे मागायचे, ही त्या काळची प्रथा मोडून काढायची होती. शटडाउन हा प्रकार आज ज्या कडक स्वरूपात दिसतो तो मात्र १९८० मध्ये महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी या कायद्याचा जो अर्थ लावला त्यानंतरचा.

आमच्या बाबतीत झाले असे की सकाळी फोन आला, जाकीट काढून ठेवा, झाडू हातात घेऊ नका, कोणाला माहितीही देऊ नका. जागा सोडा असे कोणी म्हटले नाही, पण राहा असेही लेखी कोणी दिले नाही. डोळ्यांसमोर स्वच्छतागृह भरत होते आणि आम्ही खिडकीतून पाहत होतो. ते दिवस फार जड गेले. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की ३० जानेवारीच्या आत तुमच्या समन्वयकाकडून दोन गोष्टी लेखी घ्या: काम थांबल्यास त्याच जागेवर राहता येईल का, आणि ते दिवस १४ दिवसांच्या मर्यादेत मोजले जातील का. शटडाउन सुरू झाल्यावर ई-मेलला उत्तर द्यायचीही समन्वयकाला परवानगी नसते. कॅम्पग्राउंड खाजगी ठेकेदाराकडे असेल तर परिस्थिती वेगळी असते, पण तेथेही खात्री करा. २०१३ च्या शटडाउनमध्ये फॉरेस्ट सर्व्हिसने ठेकेदारांनाही बंद करायला लावले होते.

प्रतिसाद ३

मैल्याबद्दल एक सांगावेसे वाटते. जानेवारी २०१९ मध्ये जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानातील कॅम्पग्राउंड बंद करण्याचा निर्णय झाला तो खड्ड्यांची स्वच्छतागृहे भरून वाहण्याच्या बेतात आल्यामुळे. त्याआधी स्थानिक लोक स्वतः कागद आणि साफसफाईचे साहित्य घेऊन जात होते. तुमच्या ट्रेलरमध्ये स्वतःची टाकी आहे, तेव्हा सार्वजनिक स्वच्छतागृह तंबूवाल्यांसाठी मोकळे ठेवावे. सांडपाणी रात्री झुडपांत सोडणारे काही जण मी पाहिले आहेत. त्याने पुढच्या हंगामात ती जागा सगळ्यांसाठीच बंद होते. चाकांवर ओढायची २०-२५ गॅलनची वेगळी मैलाटाकी मिळते, ती घेतल्यास प्रत्येक वेळी अख्खे बिऱ्हाड हलवावे लागणार नाही. इन्सुलिन मिळण्याची काळजी करू नका. टपाल खाते स्वतःच्या उत्पन्नावर चालते आणि शटडाउनमध्ये चालूच असते, त्यामुळे औषधे 'जनरल डिलिव्हरी'ने, म्हणजे डाकघरातच ठेवून घेऊन स्वतः नेण्याच्या सोयीने, मागवता येतील. सोशल सिक्युरिटीचे (सरकारी निवृत्तिवेतनाचे) पैसेही वेळेवर जमा होतात.

मूळ प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. कॅम्प होस्टच्या समन्वयकांना आजच दोन्ही प्रश्न लेखी पाठवले आहेत. मैलाटाकीची मागणी नोंदवली आहे, आणि २८ जानेवारीला दोन्ही टाक्या रिकाम्या करून, पाणी काठोकाठ भरून ठेवायचे असे ठरवले आहे. १४ दिवसांच्या बाबतीत आम्ही तारखांची वही ठेवतो. ती पुढेही तशीच ठेवू.

एकच विचारायचे राहिले. बकस्किन माउंटनला फेब्रुवारीत आगाऊ आरक्षणाशिवाय एक-दोन रात्री जागा मिळते का, की आताच नोंदवून ठेवणे बरे? यजमानांच्या तपासणीसाठी आम्हाला १० फेब्रुवारीच्या सुमारास विजेची जोडणी असलेली जागा लागेल.