खेड्यात पोरांचं समूहगान शिकवून पोट भरते का?

दारव्ह्याची पेटी

नमस्कार मंडळी. वय २४, गाव दारव्हा तालुक्यात. बी.ए. झालं, गांधर्व महाविद्यालय मंडळाची संगीत विशारद परीक्षा मागच्या वर्षी झाली. गावच्या शाळेत दोन वर्षांपासून १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीची समूहगीतं मीच बसवून राहिलो. पैसे घेत नाही. या खेपेला ३२ पोट्टे-पोट्ट्या होत्या. कार्यक्रम झाल्यावर एका पोरीची आजी जवळ आली न म्हणाली, "बाप्पा, घरी तोंड उघडत नाही ही, इथं कशी गाऊन राहिली!" तेव्हापासून डोक्यात एकच आहे, हेच काम करावं.

बाबा म्हणतात, बी.एड. कर नाहीतर वावर पाहा. चार एकर आहे, कपाशी आणि तूर. खरं सांगा, हे काम पोटापाण्याचं होऊ शकते का? आणि अजून एक. अंतरा (मुखड्यानंतरचं कडवं) आला की पोरं किंचाळतात. मी पेटी काळी एकमध्ये धरतो, म्हणजे पहिली काळी पट्टी माझा सा. काय चुकते?

वर्धेकर

नवोदय विद्यालयात संगीत शिक्षकाचं पद राहते, केंद्रीय विद्यालयात प्राथमिकलाही राहते. जाहिरातीवर लक्ष ठेवा, पात्रता नीट वाचून अर्ज भरा. जिल्हा परिषदेच्या शाळेचा भरवसा धरू नका. शिक्षण हक्क कायद्यात (२००९) सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असली तर कलेसाठी अंशकालीन (अर्धवेळ) निदेशक सांगितला आहे, पण तो अंशकालीनच.

आर्णीची ताई

बाळा, पहिले पट्टीचं सांगते. पोटाचं उद्याही बोलता येईल, गळे मात्र रोज खराब होऊन राहिले.

काळी एक तुझ्या गळ्याची पट्टी आहे. तू आरामात गातो, पोरं तेच एक सप्तक वरून गातात. अंतरा तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या सा-च्या, वर गेला की किंचाळल्याशिवाय त्यांना दुसरा रस्ताच राहत नाही. काळी चार धर, पोरांचा सा त्यानं खाली येतो. मुखडा मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, उतरत असेल तर काळी पाच. तुला ती पट्टी अडचणीची जाईल, म्हणून पहिली ओळ तू गाऊच नको. तू खर्जात गायला की पोरं तुझी नक्कल करतात आणि घोगरी होतात. एखादी सुरेल पोरगी पाहा, तिला ओळ म्हणू दे, बाकीचे तिच्यामागून. लेकराला लेकराचा आवाज लवकर सापडतो.

पेटी कमी वाजव. मी सुरुवातीला सूर देते, मग भाता बंद, मोबाइलवर तंबोरा तेवढा चालू. पेटी जोरात असली की पोरं शेजारच्याचं ऐकत नाहीत, पेटीशी भांडतात. "मोठ्यानं गा" हे तर मी वर्गात म्हणतच नाही.

एक करून पाहा. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं आहे. घड्याळ लावून आपल्या पोरांचं मोज. माझ्या शाळेत पहिल्या दिवशी ६८ सेकंद भरले होते. लय कोणीच मुद्दाम ओढत नव्हतं, दरेक ओळीला सगळे मिळून थांबायचे, मिळून श्वास घ्यायचे. मी फळ्यावर ओळी लिहिल्या आणि श्वासाच्या जागी रंगीत खडूनं रेघ मारली. लांब सुरावर पहिली आणि तिसरी रांग एका जागी श्वास घेते, दुसरी आणि चौथी दुसऱ्या जागी. सूर तुटत नाही. दोन आठवड्यांत ५४ वर आले.

आता जे सांगते ते कोणाला सहसा सांगत नाही. २००३ साली सातवीतला एक पोरगा माझ्याकडे गायचा. आवाज असा की पाचवीपासून पहिली ओळ त्याचीच. त्या वर्षी त्याचा आवाज फुटला. तालुक्याची स्पर्धा चार दिवसांवर आली होती. मी त्याला सगळ्यांपुढे म्हटलं, "तू नुसतं तोंड हलव." त्यानं हलवलं. बक्षीस मिळालं, फोटोत तो आहे. त्यानंतर तो कधी गायला नाही. आता त्याची पोरगी माझ्याकडे शिकते. तो तिला सोडायला येतो, गाडी बंद करतो आणि फाटकाबाहेरच थांबतो. मी दोनदा आत बोलावलं.

बारा-चौदा वर्षांच्या पोरांचा आवाज फुटणारच. मला तेव्हा माहीत नव्हतं असं नाही, मला बक्षीस पाहिजे होतं. आता अशा पोरांना मी मागे एकत्र उभं करते आणि त्यांच्या तीन-चार पक्क्या सुरांतला एक धरून ठेवायला लावते, सा नाहीतर प. बाकीचे त्या सुरावर गातात. ज्याला तेही जड जाते त्याच्या हाती खंजिरी. खंजिरी आपल्या भागात कोणाला शिकवावी लागत नाही. तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) सामुदायिक प्रार्थनेत लहानपणी बसलेला माणूस तालात चुकत नाही. माझाही ताल तिथलाच.

आता पोटाचं. मी शाळेत गणित शिकवते, पगार त्याचा आहे. गाणं २४ वर्षं त्या पगाराच्या सावलीत चाललं. निव्वळ समूहगानावर आपल्याकडे घर चालवणारा माणूस मी पाहिला नाही. पण दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे परीक्षांचे वर्ग तालुक्याच्या ठिकाणी चालतात. आठवड्याचे तीन दिवस तिथं वर्ग घे, दोन दिवस गावात समूहगान. आणि गावातलं फुकट नको करू. शाळेकडून थोडं का होईना, पण घे. फुकटचा मास्तर कोणीही कधीही बदलते. दिवाळीनंतर कापूस वेचणी लागली की निम्मी पोरं वावरात राहतात, तेव्हा सराव सकाळी सातला ठेव. आणि बी.एड. कर. बाबांचं ऐकतो म्हणून नाही, शाळेच्या आत राहशील म्हणून.

वर्धेकर

ताईचं बरोबर आहे. वसंत देसाई (१९१२–१९७५) सिनेमाचं संगीत करता करता शाळांतल्या हजारो मुलांना एकत्र गायला शिकवत. दोन्ही सोबत चालू शकते.

दारव्ह्याची पेटी

ताई, आज काळी चार धरली. पहिली ओळ आठवीतल्या एका पोरीला दिली. अंतऱ्यात कोणी किंचाळलं नाही. पोरं गाता गाता एकमेकांकडे पाहायला लागली, असं आधी कधी झालं नव्हतं. राष्ट्रगीत मोजलं, ६३ सेकंद.

मागच्या रांगेतल्या एकाचा आवाज फुटला आहे. मी त्याला मागच्या हप्त्यात बाहेर बसवलं होतं. उद्या त्याच्या घरी जातो.

आर्णीची ताई

घरच्यांसमोर बोलू नको, त्याला एकट्याला गाठ. चूक माझी होती म्हण. आणि खंजिरी सोबत ने.