सॅनिबेलला एका दिवसात जाऊन यायचंय, आईबाबा आणि सात वर्षांची मुलगी सोबत

सायली_टॅम्पा

नमस्कार मंडळी, आईबाबा आलेत पुण्याहून आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस फ्लोरिडातल्याच सॅनिबेल आयलंडला जायचं डोक्यात आहे, हॉटेल नको, टॅम्पाहून सकाळी निघून रात्री परत. लेकीला शिंपले गोळा करायचेत, बाबांचे गुडघे दुखतात, आणि आई मूळची गुहागरची त्यामुळे कुठलाही बीच दाखवला की "आमच्याकडे काय कमी आहे" हे ठरलेलंच 😄 तर कुठल्या बीचवर जावं, किती वाजता पोचावं आणि शिंपल्यांशिवाय तिथे आणखी काय आहे? नेटवर वाचून वाचून आणखीच गोंधळ झालाय.

खाडीकाठचा

किती वाजता पोचायचं ते घड्याळाला नाही, ओहोटीला विचारा. आधी टाईड टेबल काढून ओहोटीची वेळ बघा आणि तिच्या तासभर आधी बीचवर उभे राहा, पाणी उतरत असताना आणि उतरल्यावर तासभर हाच काय तो खरा खेळ. इथे कोकणासारखा समुद्र लांबवर आत जात नाही, जेमतेम फूट-दोन फुटांचा फरक असतो, पण किनारा इतका उथळ आहे की तेवढ्यानेही शंखांचा पट्टा उघडा पडतो. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासचा दिवस मिळाला तर उत्तम, आणि थंडीत एखादी थंड हवेची लाट (फ्रंट) येऊन वायव्येचा वारा दोन दिवस सुटला की त्याच्या दुसऱ्या दिवशी डोळे झाकून जा.

इथेच एवढे शंख का, तर फ्लोरिडाच्या या बाजूची बहुतेक बेटं किनाऱ्याला समांतर उत्तर-दक्षिण आहेत, सॅनिबेल मात्र वळून पूर्व-पश्चिम आडवं पडलंय, त्यामुळे दक्षिणेकडून लाटांबरोबर येणारं सगळं त्याच्या कुशीत अडकतं. शिवाय समोर प्रवाळाची भिंत नाही, म्हणून शंख फार फुटत नाहीत. आईंना हे सांगा, गुहागरला सुरूचं बन आहे, हे नाही 😉

बीच म्हणाल तर बोमन्स. पार्किंगपासून पूल ओलांडून थोडं चालावं लागतं म्हणून गर्दी जरा कमी. ओल्या वाळूत लाट फुटते तिथे जो शिंपल्यांचा ढीग साचतो त्यात बसकण मारून हाताने चाळायचं, वरवर बघत चालणाऱ्याला नुसते तुकडेच मिळतात.

मिरजेची_मावशी

बोमन्सला गुडघेवाल्या माणसाला नेऊ नका हो, त्या वाळूत चालताना आमच्या ह्यांची पुरती वाट लागली होती. लाईटहाऊस बीच बघा, पूर्वेच्या टोकाला, पार्किंगपासून जवळ. दीपगृह १८८४ चं आहे, लोखंडी सांगाड्याचं, २०२२ च्या इयान वादळात त्याचा एक पाय वाहून गेला होता तरी पडलं नाही, आता नीट करून दिवा परत लावलाय. त्याच वादळात बेटावर जायचा कॉजवे, म्हणजे समुद्रावरून जाणारा रस्ता, पण तुटला होता, पाणी चढून बरंच काही गेलं, त्यामुळे जुने ब्लॉग वाचून हॉटेल-दुकानांचा भरवसा धरू नका, गाडीत दशम्या-चटणी असू द्या. बाबांसाठी फोल्डिंग खुर्ची न्या. आणि टोल जाताना लागतो, येताना नाही.

निवांत_नंदू

बाबा कंटाळले तर डिंग डार्लिंग. अभयारण्य आहे, चार मैलांचा वाईल्डलाईफ ड्राईव्ह, गाडीतूनच खारफुटी आणि पक्षी बघायचे, पाणी उतरलेलं असेल तर चिखलात पक्षी खच्चून असतात, नशीब असेल तर गुलाबी चमचाचोच. फक्त शुक्रवारी तो रस्ता बंद असतो. आणि सीझनमध्ये दुपारी तीननंतर बेटाबाहेर पडायला जी रांग लागते ती विचारू नका, अख्ख्या बेटावर एक सिग्नल नाही आणि सगळे एकाच रस्त्यावर. एक तर दोनला निघा नाहीतर सरळ सूर्यास्त बघूनच निघा, पण संध्याकाळी बारीक चिलटं फोडून खातात, पाय झाकून घ्या.

खाडीकाठचा

नंदू बरोबर. आणि लेकीसाठी महत्त्वाचं राहिलंच, जिवंत काही उचलायचं नाही, सॅनिबेलवर कायद्याने बंदी आहे, दंड होतो. शंखाच्या तोंडाशी तपकिरी झाकण दिसलं किंवा आत खेकडा असला तर परत पाण्यात. सँड डॉलर (चपटा, गोल समुद्री प्राणी) पांढराफटक असेल तर घ्या, तपकिरी आणि अंगावर बारीक लव असेल तर तो जिवंत आहे. बादलीत समुद्राचंच पाणी घेऊन त्यात शंख पाच-दहा मिनिटं ठेवायला सांगा, कोण चालायला लागतं ते बघण्यात पोरं रमतात.

सायली_टॅम्पा

बापरे, किती माहिती! खुर्ची आणि लाईटहाऊस बीच नक्की. आईला हे सगळं वाचून दाखवलं, तिचा एकच प्रश्न, तिथे दक्षिणावर्ती शंख मिळतो म्हणतात ते खरं का, देवघरात ठेवायचाय तिला.

निवांत_नंदू

😂 मिळतो पण तो नव्हे. इथला लाईटनिंग व्हेल्क नावाचा शंख मुळातच उलट्या वळणाचा असतो, मळसूत्री टोक वर धरलं की तोंड डावीकडे, त्यामुळे दिसायला अगदी तसाच. खरा पूजेचा शंख हिंदी महासागरातल्या वेगळ्या जातीचा, आणि त्यात उलट्या वळणाचा लाखात एखादा, म्हणून तर त्याची किंमत. भारतात बऱ्याच ठिकाणी हा व्हेल्कच दक्षिणावर्ती म्हणून हजारोंना खपवतात. ओळखायचं सोपं आहे, पूजेच्या शंखाच्या तोंडात आतल्या खांबावर तीन-चार ठसठशीत आडव्या वळ्या असतात, व्हेल्क तिथे गुळगुळीत.

मिरजेची_मावशी

आईंना म्हणावं रिकामा सापडला तर खुशाल आणा, फुकटचा आहे 😄 पण आधी ब्लीचच्या पाण्यात ठेवून, वाळवून, वरून बेबी ऑईल चोळा. नाहीतर गाडीत टॅम्पापर्यंत जो वास येईल त्याने तुमचे बाबा पुढच्या ट्रिपला येणार नाहीत.