दहावीची प्रयोगवही आहे का कुणाकडे?

ए-302: स्टेट बोर्ड, विज्ञान भाग 1 ची पूर्ण झालेली प्रयोगवही मिळेल का? परवा सबमिशन आहे आणि आमच्या चिरंजीवांनी वहीवर नावापलीकडे काही लिहिलेलं नाही 🙏

सी-104: आमच्या मोठीची आहे. वॉचमनकाकांकडे ठेवते.

बी-201 (बाई): द्या, पण रीडिंगवर कागद चिकटवून द्या. शाळेत शिकवत होते तेव्हा बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर अख्ख्या वर्गाचं 10.1, 10.2, 10.1 यायचं. भिंगं निरनिराळी, रीडिंग एकच. एका वर्षी पहिल्याने सेंमीऐवजी मीटर लिहिलं, तेही बाकीच्यांनी मनोभावे उतरवलं.

ए-302: पण बाई, प्रॅक्टिकलला 20 पैकी 18-19 सगळ्यांनाच देतात ना?

डी-503: खिरापत आहे नुसती. शाळेच्या हातातले मार्क बंदच करा.

बी-201 (बाई): झालंय करून. 2019 ला भाषांचे तोंडीचे मार्क काढले होते. निकाल 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. पुस्तकंही त्याच वर्षी नवी होती, सगळं खापर तोंडीवर नको. पण ओरड झालीच, की सीबीएसईवाल्यांना शाळेचे मार्क मिळतात, आमची मुलं अकरावीच्या यादीत मागे पडणार. पुढच्या वर्षी मार्क परत, निकाल 95.30.

डी-503: ओरडणाऱ्यांत मीही होतो. चुकलं काय? कटऑफला अर्धा टक्काही महागात पडतो.

बी-201 (बाई): काहीच नाही चुकलं. मार्क राहू देत, फक्त तोंडी खरी घ्या. वहीतलंच काहीतरी विचारायचं. उतरवलेली वही दुसऱ्या प्रश्नाला उघडी पडते. पण साठ पोरांच्या वर्गात एकटा सर किती जणांना विचारणार? आणि शाळेचा निकाल शंभर टक्के लावा हे वरून ऐकायचं, ते वेगळंच.

सी-104: आणि मार्चमध्ये याच पोरांवर भरारी पथक सोडायचं 😅

ए-302: आजी, मी आईच्या फोनवरून लिहितोय. आम्हाला भिंग हातात दिलंच नाही. सरांनी आकडे फळ्यावर लिहिले होते.

बी-201 (बाई): असं आहे होय. मग पट्टी आणि कोरा कागद घेऊन ये. माझ्याकडे भिंग आहे. खिडकीतून डी विंगची टाकी दिसते, ती कागदावर उलटी पाडायची. कडा स्पष्ट दिसल्या की भिंग ते कागद मोजायचं. लांबची वस्तू बदलून तीनदा करू.

ए-302: 10.1 नाही आलं तर सर मार्क कापतील.

बी-201 (बाई): येईल ते लिही. विचारलं तर भिंग खिशातून काढून दाखव, मी देते.

सेक्रेटरी: डी विंगची टाकी आज धुवायला काढलीय. दुपारपर्यंत पाणी नाही, नोंद घ्यावी.

बी-201 (बाई): टाकी जागेवर आहे ना? मग झालं. सी-104, धाकट्यालाही पाठवा.