बाबांना मॉर्फिन चालू आहे. सोबत काढा, मालिश, रेकी चालेल का?

वेंगुर्ल्याची लेक:
नमस्कार. माहेरी आलेय, वेंगुर्ल्याजवळच्या गावातून लिहितेय. बाबा 71 वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात आणि खुब्याच्या हाडात उतरलाय. गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. आता आजार बरा होणार नाही, दुखणं आटोक्यात ठेवायचं, हे डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून नीट सांगितलं. मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी, शिवाय पोट साफ होण्याची आणि मळमळीची.

दुखणं बरंच ताब्यात आहे. खरी कटकट माणसांची. कुडाळची आत्या गुळवेलीचा काढा बाटलीत भरून पाठवते आणि फोन करून विचारते, "घेतल्यान मा?" वहिनीच्या माहेरून एक मालिशवाला सुचवलाय, तो म्हणे पाठीवर गुडघा ठेवून नस मोकळी करतो. मुंबईचा चुलतभाऊ गणपतीला आला होता, रेकी शिकलाय. तासभर बाबांच्या उशाशी बसला आणि त्या रात्री बाबा खरंच शांत झोपले. शेजारचे काका येता-जाता ऐकवतात की मॉर्फिन म्हणजे अफू, केमिकल बंद करा, झाडपाला द्या. आईने देवळात कौल लावला, उजवा म्हणजे देवाचा होकार मिळाला, तेव्हापासून ती रोज तीर्थ पाजते. शिवाय पोट कडक राहतं म्हणून रात्री इसबगोल.

बाबांना विचारलं तर म्हणतात, "माका कायव चलात, फक्त जत्रेतलो दशावतार बघूक व्हयो." तरुणपणी दशावतारी नाटकात स्वतः संकासुराचं सोंग करायचे.

सगळ्यांना नाही म्हणून भांडण नको आहे आणि सगळ्यांना हो म्हणून बाबांचे हालही नकोत. यातलं काय चालेल?

निसर्गोपचार प्रेमी:
ताई, केमिकलने शरीर पोखरतं. माझ्या माहितीत एक जण आहेत, 21 दिवसांत गाठ विरघळवतात. फी आधी भरावी लागते आणि इंग्रजी औषधं पूर्ण बंद करावी लागतात. इनबॉक्समध्ये या.

घरोघरची सिस्टर:
ताई, इनबॉक्समध्ये जाऊ नका. औषधं बंद करा आणि फी आधी भरा, ही दोन वाक्यं एका दमात बोलणाऱ्या माणसाला चहासुद्धा विचारू नये.

मी नर्स आहे, अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांच्या घरी जाते. सिंधुदुर्गात असं एक घर दाखवा जिथे काढ्याची बाटली नाही! माझा हिशेब साधा आहे. जे बाहेरून होतं, ते थोडी काळजी घेऊन बहुतेक चालतं. जे पोटात जातं, ते डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको. आणि मॉर्फिनला कोणी हात लावायचा नाही.

काकांना सांगा, मॉर्फिन झाडपालाच आहे. अफूच्या बोंडाचा चीक, सरकारी परवान्याने नीमच-मंदसौरकडच्या शेतात पिकतो. कारखान्यात त्यातलं नेमकं औषध वेगळं काढतात म्हणून दर गोळीत किती आहे हे कळतं, काढ्यात ते कळत नाही. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या मापाने घेणाऱ्याला व्यसन लागणं फार क्वचित. एकाएकी बंद केलं तर मात्र दुखणं दुपटीने उसळतं, वर घाम, जुलाब, तळमळ.

इसबगोल आजच थांबवा. मॉर्फिनने आतड्यांची हालचाल मंदावते आणि बाबा पाणीही कमी पीत असणार. अशा पोटात इसबगोल फुगून गोळा होऊन बसतं. आतड्याला ढकलणारं औषध लागतं. आपल्या आज्यांची सोनामुखी तेच काम करते आणि डॉक्टर तिच्याच गोळ्या लिहून देतात. तुमच्या चिठ्ठीत कोणती आहे ते बघा आणि मात्रा वाढवायची का हे विचारा. तीन दिवस शौचाला झाली नाही तर चौथ्याची वाट बघू नका.

गुळवेल नको. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, पण तो वाद तज्ज्ञांनी घालावा, तुमच्या बाबांच्या यकृतावर नको. आत्याला तोडून बोलू नका. तिला काहीतरी करायचं आहे. उकड्या तांदळाची पेज आणि आमसुलाचं सार पाठवायला सांगा. मळमळीला आल्याचा तुकडा मीठ लावून, जिभेखाली धरण्यापुरता. मनगटाच्या आतल्या घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मध्ये, अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबून बघा. कोणाला उपयोग होतो, कोणाला नाही, अपाय काही नाही.

पाठीवर गुडघा ठेवणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका! कॅन्सर उतरलेला मणका दाबाने मोडू शकतो आणि मज्जारज्जू दाबला गेला तर पाय कायमचे जातात. हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा: पायातली ताकद अचानक कमी झाली, जांघेत बधिरपणा आला, लघवी अडली किंवा पाठीत नवी जोराची कळ आली, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना.

रेकीने हाडातला कॅन्सर हलत नाही. पण भाऊ फोन बाजूला ठेवून तासभर हात धरून बसला, हे किती घरांत होतं? पैसे मागत नसेल आणि गोळ्या बंद करा म्हणत नसेल तर त्याला पुन्हा बोलवा. तीर्थही चालेल, चमचाभर, उकळलेल्या पाण्याचं, बाबांना बसतं करून, म्हणजे ठसका लागणार नाही.

एक सांगते. लंडनला 1967 मध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटांना सांभाळणारी संस्था, काढणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, डॉक्टर पुढे झाल्या. त्यांचं म्हणणं, दुखणं नुसतं शरीराचं नसतं; मनाचं, घरादाराचं, देवाधर्माचंही त्यात मिसळलेलं असतं. माझ्या एका पेशंटचं रात्रीचं कण्हणं डोस वाढवूनही थांबेना. एकदा चादर बदलताना म्हणाले, "बागेचो करार माझ्याच नावार आसा, पोरांका दलाल फसवतलो." मुलगे कलमांचा करार घेऊन आले, उशाशी बसून त्यांना वाचून दाखवला, सह्या झाल्या. त्यानंतर त्यांनी रात्रीची जादा गोळी मागितली नाही. म्हणून आईच्या कौलाला मी कधीच हसणार नाही. बाबांना वेगळं बसून विचारा, मनात काय राहिलंय.

बंदरावरचो:
सिस्टरबायेन बरोबर सांगल्यान. माझ्या बायलेक फुफ्फुसाचो कॅन्सर होतो. दम लागलो की घाबरान खिडकेकडे जाय. डॉक्टरान सांगल्यान, टेबलफॅन तोंडासमोर ठेवा, नाकार आणि गालार वारो लागाक व्हयो. माका वाटला, ह्यो कसलो उपाय! पण खरोच फरक पडलो, जीव शांत होय. लायट गेली तर मी विंझण्यान वारो घाली. आमच्यात भावकीन देवाक गाऱ्हाणा घातल्यानी, पंधरा माणसा एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणाली तेव्हा तिचो चेहरो बघूक होयो होतो. औषधा चालूच होती, तां सांगाकच नको.

वैद्य, कणकवली:
मी आयुर्वेदाचाच, म्हणून माझ्याकडून ऐकलेलं आत्याबाईंना पटेल. या टप्प्यावर काढे आणि भस्मं मी स्वतः देत नाही. बाजारातल्या काही रसौषधींत, म्हणजे धातूंपासून केलेल्या औषधांत, पारा-शिसं निघालेलं आहे. त्याने मूत्रपिंड बिघडलं तर मॉर्फिन अंगात साठत जातं आणि माणूस गुंगीत जातो.

वहिनींना मालिशच हवी असेल तर पादाभ्यंग करा. खोबरेल कोमट करून तळपाय, पोटऱ्या, हात. हात फिरवायचा, रगडायचं नाही. पाठ, कंबर, खुबा वगळा. एकाच पायाला सूज असेल, तो गरम लागत असेल तर त्या पायाला तेलच लावू नका, रक्ताची गुठळी असू शकते. डॉक्टरांना दाखवा. तेल लावल्यावर तळवे पुसा, गुळगुळीत लादीवर पडण्याची भीती असते.

घरी सांभाळणं अगदीच झेपेना झालं, तर 1986 मध्ये बांद्र्यात सुरू झालेल्या शांती आवेदना सदन या हॉस्पिसचं केंद्र गोव्यातही आहे. तुम्हाला ते मुंबईपेक्षा जवळ.

वेंगुर्ल्याची लेक:
सगळ्यांचे आभार. इसबगोल बंद केलं, डॉक्टरांशी फोनवर बोलून पोट साफ होण्याच्या गोळीची मात्रा वाढवली. वैद्यबुवांचं उत्तर आत्याला वाचून दाखवलं. पहिल्यांदा गप्प झाली, मग विचारलंन, "पेज खारी चलात ना?" वहिनी आता तळपायांना तेल लावते आणि बाबा तिला एसटीतल्या गंमती सांगतात, लग्न होऊन आल्यापासून दोघं एवढी कधी बोलली नव्हती.

सिस्टर, एक राहिलं. जत्रा आमच्याच वाडीतल्या देवळात आहे, दशावतार मध्यरात्री सुरू होतो. आई म्हणते न्यायचं, दादा म्हणतो वेडेपणा आहे. नेऊ का?

घरोघरची सिस्टर:
मणक्याचं काय ते आधी डॉक्टरांना विचारा, त्यांनी हो म्हटलं तर न्या. रिक्षा नको, खड्ड्यात दणके बसतात. कोणाची तरी मोठी गाडी बघा आणि पुढची सीट मागे कलती करून, कमरेला उशी देऊन बसवा. निघण्याच्या अर्धा तास आधी मॉर्फिन बसेल अशा बेताने वेळ धरा. जादा डोस डॉक्टरांनी लिहून दिला असेल तर चिठ्ठीसकट तुमच्या पर्समध्ये. पिशवीत लघवीची बाटली, शाल, मळमळीची गोळी, पाणी. अख्खी रात्र बसवू नका. पहिला प्रवेश झाला की विचारा, थकले तर परत. आणि कंपनीच्या मालकाला आधी भेटून सांगा की जुने संकासुर बघायला येणार आहेत. दशावतारी माणसं रंगपटातून उठून पाया पडायला येतील, त्यासाठी गाडीपाशी थोडी जागा ठेवा.