लंडन: कॉस्च्युम इंटर्नशिप, बँक खातं उघडत नाहीये, पैसे अडकलेत – मदत हवी आहे

सुईदोरा
नमस्कार, तातडीने मदत हवीये. इथे येऊन पाच आठवडे झाले, एका थिएटरच्या कॉस्च्युम डिपार्टमेंटला इंटर्न आहे. खरेदीला मलाच पाठवतात. मांजरपाट, डाय, टिचबटणं, इलॅस्टिक, सगळं मी माझ्या पुण्याच्या कार्डावर घेत गेले कारण सुपरवायझर म्हणाली बिलं दे, पैसे मिळतील. आता ते १८६ पाउंड झालेत आणि अकाउंट्सवाले म्हणतात इथल्या खात्यातच टाकू, रोख देत नाही. बँकेत गेले तर पत्त्याचा पुरावा मागतात, तो माझ्याकडे नाहीये. दोन बँका फिरून झाल्या. पुढच्या आठवड्यात टेक (दिवे, आवाज, कपड्यांसकट रंगमंचावरच्या तालमी) आहे म्हणजे सकाळी दहा ते रात्री साडेदहा आतच, बँकेत कधी जाणार? काय करू सांगा. घरून मागव असं कृपया सांगू नका, ते मागवूनच इथवर आलेय.

केदार_रेडिंग
व्हिसा कुठला? भाडेकरार आहे का? कुठे राहतेस? एवढं तरी लिही, त्याशिवाय कोण काय सांगणार.

पावशेर
मॉन्झो किंवा स्टार्लिंग. फोनवरून उघडतं, पासपोर्टचा फोटो आणि स्वतःचा छोटा व्हिडिओ पाठवायचा. इथला पत्ता द्यावा लागतो कारण कार्ड पोस्टाने येतं, पण त्या पत्त्याचा कागद सहसा मागत नाहीत. माझं आणि बायकोचं दोघांचं असंच उघडलं. बँकेत जायचं कामच नाही, टेकच्या जेवणाच्या सुट्टीत होईल.

केदार_रेडिंग
पावशेर, असहमत. माझ्या मित्राचं एका ॲपवाल्या बँकेतलं खातं (कुठली ते लिहीत नाही) एक दिवस गोठलं, तीन आठवडे चॅटवर बसला होता, भेटायला माणूस नाही. शाखा असलेली बँकच हवी. मी १४ वर्षं शाखा असलेल्या एकाच बँकेचा ग्राहक आहे.

पावशेर
अहो तिला शाखावालेच दोनदा परत पाठवतायत ना. आधी पैसे सुटू देत, मग उघडू दे शाखेत सावकाश.

गौरी_लीड्स
घरमालक त्याच घरात राहतो का गं? खूप फरक पडतो त्याने.

सुईदोरा
सॉरी, घाईत लिहिलं. यंग प्रोफेशनल्स व्हिसा, दोन वर्षांचा, बॅलटमधून (सोडतीतून) लागला. वय २४. हॅरोला एका बाईंच्या घरी वरची खोली आहे, त्या खालीच राहतात. करार नाही, भाडं रोख. चिठ्ठी लिहून द्या म्हटलं तर म्हणाल्या मी कागदावर काही देत नाही. त्या तशा चांगल्या आहेत, रात्री उशीर झाला तर पोळी झाकून ठेवतात, म्हणून जास्त ताणवत नाही.

गौरी_लीड्स
वाटलंच. घरात एकच मोठं माणूस राहत असेल तर कौन्सिल टॅक्समध्ये (आपल्या घरपट्टीसारखा कर) २५ टक्के सूट मिळते. तुझं नाव कागदावर आलं की ती जाऊ शकते, म्हणून नाही म्हणत असतील. खरं कारण दुसरंही असेल, पण हे एकदा डोक्यात ठेव. त्यांच्याशी भांडू नको, त्यांच्याशिवायही पुरावा मिळतो. जवळच्या जीपीकडे (फॅमिली डॉक्टर) नाव नोंदव, इंग्लंडमध्ये त्यासाठी पत्त्याचा पुरावा किंवा ओळखपत्र असलंच पाहिजे असं नाही. नोंदणी झाली की पत्र मागून घे, काही बँका चालवतात. जीपीकडे तसंही जायलाच हवंस, व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पाउंड आरोग्य सरचार्ज भरलायस ना. आणि थिएटरच्या लेटरहेडवर तुझं नाव, पत्ता, कामाची तारीख असं पत्र माग. तेही चालतं कुठे कुठे.

स्मिता_काकू
बाळा, हॅरो-ऑन-द-हिल स्टेशनहून वॉटर्लूकडे वगैरे जात असशील तर गाडी बदलावी लागते. वेंबली पार्क, डॉलिस हिल या बाजूला बघ, ज्युबिली लाइन सरळ वॉटर्लूला आणि साउथवर्कला जाते, शुक्रवार-शनिवार रात्रभर असते. डॉलिस हिललाच आपलं महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ पासूनचं. तिथे एकदा येऊन तर जा, खोलीचं कोणी ना कोणी सांगतंच. आणि जेवतेस ना नीट?

सुईदोरा
काकू, जेवते. वॉटर्लूहून पुढे चालतच जाते, तुम्ही बरोबर ओळखलंत. टेक संपल्यावर मंडळात नक्की येते.

विदिशा_एम
कॉस्च्युम करतेयस हे वाचून फार बरं वाटलं. वेशभूषाकार भानू अथय्या आपल्या कोल्हापूरच्या, 'गांधी'साठी १९८३ मध्ये ऑस्कर घेणाऱ्या पहिल्या भारतीय. जॉन मोलो यांच्याबरोबर मिळालं होतं. पुढे नीट जपलं जावं म्हणून २०१२ मध्ये त्यांनी ते अकादमीकडेच परत दिलं. तू त्यांचं काम बघितलंयस का? माझ्या भाचीलाही हेच करायचंय, कुठला कोर्स करावा?

केदार_रेडिंग
विदिशाताई, धागा बँकेचा आहे. भाचीसाठी वेगळा काढा ना.

रंगपेटी
मी दहा वर्षं इथे थिएटरच्या वॉर्डरोबमध्ये (कपडे विभागात) आहे, आधी ड्रेसर (नटांना कपडे चढवणारी), आता मेंटेनन्स. बँकेचं बाकीच्यांनी सांगितलंय. मला दुसरीच काळजी वाटतेय.

एक, इंटर्नने स्वतःच्या कार्डावर खरेदी करायचीच नाही. सुपरवायझरकडे पेटी कॅश असते, सही करून फ्लोट (खरेदीसाठी आगाऊ रोख) घे, पन्नास, शंभर, जेवढं लागेल तेवढं. संपलं की बिलं द्यायची आणि पुन्हा घ्यायचं. मागायला लाज वाटून घेऊ नको, इथे सगळेच मागतात. पुण्याचं कार्ड दरवेळी फॉरेक्स मार्कअप कापतं, तो फरक थिएटर देणार नाही. बिलांचे आजच फोटो काढ, थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडू शकतात. कार्डमशीनची चिठ्ठी म्हणजे बिल नव्हे, व्हॅट नंबर असलेलं बिल हवं. गोल्डहॉक रोडच्या कापडाच्या दुकानांत मागितलं तरच देतात, बऱ्याच मुली तिथे फसतात.

दोन, तुला मिळतं किती?

सुईदोरा
आठवड्याला १२० पाउंड, "एक्स्पेन्सेस" म्हणून. हिशोब मागत नाहीत. शुक्रवारी पाकिटात रोख देतात, खातं नाही म्हणून.

म्हणजे हे रोख चालतं आणि बिलांचे पैसे रोख चालत नाहीत, आत्ता लिहिताना लक्षात आलं.

रंगपेटी
आणि तास?

सुईदोरा
पाच दिवस, साधारण ९ ते ६. टेकमध्ये सहा दिवस, बारा-साडेबारा तास. वेळेवर यायलाच लागतं, रजा हवी तर विचारावं लागतं. काम खरं आहे हो, चहा आणायचं नाही. गेल्या आठवड्यात एक क्विक चेंज (प्रयोग चालू असताना झटपट कपडे बदलणं) मीच सोडवला. बटणांमागे टिचबटणं लावली, वरची बटणं नुसती दिसायला, चाळीस सेकंदांचं काम अठरावर आलं. मांजरपाटाचा टॉइल (आधी करून बघायचा कच्चा नमुना) मी कापलेला जसाच्या तसा कापडावर गेला. मला हे सोडायचं नाहीये.

रंगपेटी
सोड म्हणतच नाहीये. पण वेळ ठरलेली, काम ठरलेलं, रजा विचारून, म्हणजे कायद्याने तू वर्कर असण्याची शक्यता बरीच आहे, आणि वर्करला किमान वेतन लागतं. एप्रिल २०२५ पासून २१ वर्षांवरच्यांना तासाला १२.२१ पाउंड होतं, पुढे वाढलंय. तुझे तास आणि १२० यांचा भागाकार करून बघ.

केदार_रेडिंग
हे सल्ले देऊन तिची संधी घालवू नका. थिएटरचं जग इथे लहान आहे, एकाला नाराज केलं की सगळीकडे कळतं. सहा महिने काढ, नाव कमव, मग माग. शिवाय थिएटर चॅरिटी असेल तर नियम वेगळे असतात.

रंगपेटी
केदार, मी त्याच लहान जगात काम करते. चॅरिटीची सूट स्वयंसेवकांना आहे, आणि स्वयंसेवकाला फक्त झालेला किंवा वाजवी अंदाजाचा खर्च द्यायचा असतो. इथे हिशोबच न विचारता ठरावीक पाकीट देतायत. हे तिने किंवा मी ठरवायचं नाही, अकासची (कामाच्या हक्कांवर सल्ला देणारी सरकारी संस्था) हेल्पलाइन फुकट आहे, नाव न सांगता विचारता येतं. बॅकस्टेजवाल्यांची युनियन बेक्टू, तिथेही बोल. "नाव कमव, मग माग" ऐकून माझी पहिली दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांचे पैसेही नाहीत आणि पुरावाही नाही.

गौरी_लीड्स
+१. नॅशनल इन्शुरन्स नंबरचा (पगारातून कापल्या जाणाऱ्या विम्यासाठीचा नंबर) अर्ज केलास का? ऑनलाइन होतो. नंबर यायच्या आधीही कामाला लागता येतं, पण अर्ज करून ठेव.

आनंदयात्री७
घामाचा वास जात नसेल तर कॉस्च्युम उलटं करून काखेत व्होडकाचा फवारा मारायचा, रात्रभर वाऱ्यावर ठेवायचं. बरीच थिएटरं करतात. लोकर, रेशीम दरवेळी धुवायला लागत नाही.

रंगपेटी
आधी शिवणीच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा, रेशमावर डाग राहू शकतो. पण हा प्रश्न कोणी विचारला होता?

सुईदोरा
अपडेट. मॉन्झोचं मंगळवारी दुपारी डाय रूमच्या पायऱ्यांवर बसून केलं, कार्ड शुक्रवारी आलं, १८६ पाउंड आज जमा झाले. पावशेर दादा, खूप खूप आभार. जीपीचं नावही घातलं. केदारदादा, शाखेचं खातं जीपीचं पत्र आल्यावर उघडेन. कालपासून फ्लोट घेऊन खरेदी करतीये, सुपरवायझर म्हणाली आधीच का नाही मागितलंस.

पगाराचं प्रेस नाइट (समीक्षक येतात तो प्रयोग) झाल्यावर विचारीन म्हणतेय, आत्ता सगळ्यांच्याच डोक्यावर ताण आहे. रंगपेटी ताई, तोवर काय करून ठेवू? कॉल शीटचे (कोणी किती वाजता यायचं ते लिहिलेला कागद) फोटो चालतील?

रंगपेटी
चालतील. सगळ्या कॉल शीट, ज्या ईमेलमध्ये वेळ आणि काम लिहिलंय ते सगळे, आणि शुक्रवारच्या पाकिटाची तारीख-रक्कम. शिवाय एक वही कर, रोज आलीस किती वाजता, गेलीस किती वाजता, कुठल्या कॉस्च्युमवर काम केलंस. घरी जाताना ट्रेनमध्येच लिही. प्रेस नाइट किती तारखेला आहे? अकासला मात्र त्याच्या आधीच फोन कर, नुसतं विचारायला. पैशांचा दावा करायला मुदती असतात.