स्पीड डेन्सिटीवर गेल्यापासून गरम स्टार्टला लीन (इंधन कमी): सेन्सर हलवू की टेबल बदलू?

२.० लिटर टर्बो पेट्रोल. मूळ ईसीयूच्या (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) जागी स्टँडअलोन, म्हणजे स्वतः ट्यून करता येणारा, बसवलाय. एअर फ्लो मीटर काढलं, आता हवेचं सगळं गणित मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) आणि हवेच्या तापमानावर, म्हणजेच स्पीड डेन्सिटी. इंजेक्टर मिनिटाला १००० सीसीचे, डेड टाइम (इंजेक्टर उघडायला लागणारा वेळ) व्होल्टेजनुसार भरलाय.

थंड स्टार्ट झकास, रस्त्यावरही लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण; १ च्या वर म्हणजे लीन) ठरवलेल्या आकड्याच्या जवळपास. पण गरम गाडी दहा मिनिटं बंद ठेवून सुरू केली की आयडलला लॅम्डा १.१ वर जातो, इंजिन गचके खातं. लॉगमध्ये तेव्हा हवेचं तापमान ७५ अंश! थोडं चालवलं की ४० वर येतं आणि सगळं सुरळीत. सेन्सर इनटेक मॅनिफोल्डमध्ये आहे, तोच तापून ईसीयूला फसवत असावा: हवा विरळ समजून तो इंधन कमी देतो.

धूर सोडून पाहिला, गळती नाही. इंधनाचा दाब स्थिर, वाइडबँड (लॅम्डा मोजणारा सेन्सर) नवा. व्हीई टेबल (इंजिन किती हवा भरून घेतं त्याचा तक्ता) आयडलला वाढवलं तर एरवी रिच (इंधन जास्त) होतं, म्हणून परत पूर्ववत केलं. क्लोज्ड लूपने (लॅम्डा पाहून ईसीयू आपोआप करतो ती दुरुस्ती) झाकायचं नाहीये.

सेन्सर इंटरकूलरनंतरच्या पाइपमध्ये हलवू, की कमी प्रवाहाला तापमान करेक्शन सौम्य करू? आणि सेन्सर हलवला तर व्हीई टेबल पुन्हा पूर्ण मॅप करावं लागेल का?